दीड किलो, एक मिलिमीटर आणि मध्येच बदललेला प्लॅन



या आठवड्याच्या व्हिडिओत फॉर्म्युला वनचा विषय मी पाच मिनिटांत उरकला. खरं तर तो उरकण्यासारखा नाही, म्हणून इथे आकड्यांसकट मांडतो. तुम्ही आयुष्यात एकही रेस बघितली नसेल तरी काही अडणार नाही. वजन, माप, नियम आणि दंड हे चार शब्द दुकान चालवणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाहीत.

तारीख २८ जुलै २०२४. बेल्जियममधलं स्पा सर्किट. ४४ फेऱ्यांची रेस संपली तेव्हा मर्सिडीजच्या दोन्ही गाड्या पहिल्या आणि दुसऱ्या नंबरवर होत्या. पहिला जॉर्ज रसेल, त्याच्या जेमतेम अर्धा सेकंद मागे लुईस हॅमिल्टन. पोडियम झालं, राष्ट्रगीत झालं, शॅम्पेन उडाली. आणि नंतर निकाल फिरला. रसेलची गाडी काट्यावर ७९६.५ किलो भरली होती. त्या वर्षीच्या नियमाप्रमाणे ती कमीत कमी ७९८ किलो भरायला हवी होती. दीड किलो कमी. रसेल बाद, हॅमिल्टन विजेता.

७९८ किलोत दीड किलो म्हणजे पाव टक्कासुद्धा नाही. यावरून रील बनवायला सोपं आहे: मागे जोरदार म्युझिक, वर "छोटी चूक, मोठी किंमत" अशी अक्षरं, झालं काम. पण त्यातून तुमच्या हाताला काही लागत नाही. चूक छोटी होती की मोठी, हा प्रश्नच नाही. ती नेमकी कुठल्या क्षणी झाली ते बघायला पाहिजे. माझ्या मते ती काट्यावर झाली नाही आणि गाडी बनवतानाही झाली नाही. ती रेस चालू असताना, एक अतिशय चांगला निर्णय घेताना झाली.

वजन गेलं कुठे?

आधी नियम समजून घेऊ. फॉर्म्युला वनमध्ये गाडीचं किमान वजन ठरलेलं असतं. त्यात ड्रायव्हर धरतात, पेट्रोल धरत नाहीत. रेसनंतर टाकीतलं पेट्रोल काढून घेतात आणि मग वजन करतात. साहजिकच प्रत्येक टीम त्या किमान आकड्याच्या जितकं जवळ राहता येईल तितकं राहते, कारण जास्तीचा प्रत्येक किलो गाडीला हळू करतो. या क्षेत्रातला ढोबळ ठोकताळा असा की १० किलो वजन वाढलं की एका फेरीला साधारण ०.३ सेकंद जास्त लागतात.

आता गंमत अशी, की गाडी रेसमध्ये झिजते. टायरचं रबर रस्त्यावर राहतं. पोटाखालची फळी घासते. ब्रेक झिजतात. आणि ड्रायव्हरसुद्धा घामाने हलका होतो, उन्हाळी रेसमध्ये दोन-तीन किलोसुद्धा. म्हणून टीमला आधीच हिशोब करावा लागतो की सुरुवातीला किती ठेवलं म्हणजे शेवटी ७९८ च्या वर राहील. रेस सुरू झाल्यावर गाडीत वजन टाकता येत नाही. जो काही अंदाज करायचा तो आधी.

हा अंदाज कशावर उभा असतो? प्लॅनवर. स्पाला त्या दिवशी बहुतेकांचा प्लॅन दोन पिट स्टॉपचा होता. रसेल सहाव्या जागेवरून निघाला होता. दहाव्या फेरीला त्याने पहिला स्टॉप घेतला आणि हार्ड टायर लावले. ते टायर अपेक्षेपेक्षा चांगले टिकले. मग त्याने स्वतःच रेडिओवरून टीमला सुचवलं की एकाच स्टॉपचा विचार करा. टीमने हिशोब केला, हो म्हटलं. पुढच्या ३४ फेऱ्या त्याने त्याच टायरवर काढल्या. हॅमिल्टनने दोन स्टॉप घेतले होते. तो ताज्या टायरवर मागून येत होता आणि त्याच्या मागे ऑस्कर पियास्त्री. शेवटी तिघंही एका सेकंदाच्या आसपास आले. रसेलने दोघांनाही मागे ठेवलं. रेस म्हणून बघाल तर ती अप्रतिम ड्राइव्ह होती, यात वाद नाही.

पण दुसरा पिट स्टॉप म्हणजे काय? आपण समजतो की वेग वाढवायला ताजे टायर. खरं आहे. त्याचबरोबर दुसरा पिट स्टॉप म्हणजे चार भरलेले, रबर शाबूत असलेले टायर. म्हणजेच वजन. स्टॉप रद्द केला तेव्हा पिट लेनमध्ये जाणारा वेळ वाचला, आणि त्याच झटक्यात शेवटी मिळणारं वजनही रद्द झालं. टीमने नंतर सांगितलं की टायर, फळी आणि खुद्द रसेल, तिघांचंही वजन अंदाजापेक्षा जास्त घटलं होतं.

त्यात स्पाची एक खोड आहे. इतर सर्किटवर रेस संपल्यावर ड्रायव्हर एक सावकाश फेरी मारतात आणि मुद्दाम रस्त्याच्या कडेने चालवतात. तिथे सगळ्यांच्या टायरचे तुकडे पडलेले असतात. गरम टायरला ते चिकटतात आणि गाडीचं वजन थोडं वाढतं. चक्क नियमात बसणारी युक्ती! पण स्पाची एक फेरी सात किलोमीटरची, सगळ्या सर्किटमध्ये लांब. तिथे ही शेवटची पूर्ण फेरी मारत नाहीत, गाड्या लगेच पिट लेनकडे वळवतात. म्हणजे शेवटी पदरात पडणारं हे थोडंसं वजनही गेलं.

पेट्रोल काढायच्या आधी गाडी बरोब्बर ७९८.० भरली होती. पेट्रोल काढल्यावर ७९६.५. आतला आणि बाहेरचा, दोन्ही काटे बरोबर आहेत याची खात्री केली गेली. (आपल्याकडे वजनमापवाले आले की आपणही आधी हेच म्हणतो, "साहेब, काटा बघा.") मर्सिडीजने मोजमाप मान्य केलं, चूक आमची आहे म्हणून सांगितलं, विषय संपला.

मग तीन किलो जास्त का ठेवत नाहीत?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर तुम्ही बरोबर रस्त्यावर आहात. हिशोब करून बघू. दीड किलो जास्त ठेवलं असतं तर ठोकताळ्याने एका फेरीला ०.०४५ सेकंद. गुणिले ४४ फेऱ्या. जवळजवळ २ सेकंद. आणि रसेल जिंकला अर्ध्या सेकंदाने.

म्हणजे तेवढं वजन आधीपासून अंगावर घेतलं असतं, तर बहुधा हॅमिल्टन आणि पियास्त्री त्याच्या पुढे गेले असते. रसेल तिसरा आला असता. तिसऱ्या नंबरला १५ पॉइंट मिळतात, पहिल्याला २५. त्याला शेवटी मिळाला शून्य. टीमचा हिशोब मांडा: पहिला आणि दुसरा मिळून २५ अधिक १८, म्हणजे ४३ पॉइंट हातात होते. निकालानंतर राहिले हॅमिल्टनचे २५. अठरा पॉइंट एका संध्याकाळीत गेले.

मार्जिन फुकट नसतं, हे मला इथे सांगायचं आहे. आम्ही ट्रेनर लोक फार सहज म्हणतो, "सेफ्टी मार्जिन ठेवा." अरे, ठेवा म्हणजे किती? प्रत्येक किलो वेग खातो. दुकानात प्रत्येक जादा पोतं भांडवल खातं, प्रत्येक जादा दिवसाची मुदत व्याज खाते. ज्याला स्पर्धेत राहायचं आहे तो मार्जिन कमीच ठेवणार, आणि ते बरोबरच आहे. मर्सिडीजने कमी मार्जिन ठेवलं यात मला चूक दिसत नाही. एक स्टॉप घेतला यातही नाही. दोन स्टॉपच्या प्लॅनसाठी काढलेलं मार्जिन त्यांनी एका स्टॉपच्या प्लॅनला तसंच वापरलं, दुखणं तिथे आहे. प्लॅन बदलताना वेगाचा हिशोब नवा झाला, टायरचा झाला, मागच्या गाडीच्या अंतराचा झाला. वजनाचा जुनाच राहिला.

तुमच्या धंद्यातलं एक उदाहरण घ्या. समजा कुणी घरगुती साबण बनवते. वडी १०० ग्रॅमची, डबीवर तसंच छापलेलं. प्लॅन असा की प्रदर्शनात पंधरा दिवसांत माल संपतो. ताई हुशार आहेत, साबण सुकतो हे त्यांना माहीत आहे, म्हणून त्या वडी १०३ ग्रॅमची कापतात. मग एक मोठं दुकान म्हणतं, तीन महिन्यांचा माल एकदम द्या. आनंदाची गोष्ट! भाव ठरतो, उधारी ठरते, खोकी ठरतात. १०३ चा आकडा मात्र कुणी उघडून बघत नाही, कारण तो "ठरलेला" आहे. तो पंधरा दिवसांसाठी ठरला होता. तीन महिन्यांनी दुकानाच्या फळीवर ती वडी किती भरेल?

निदान आपल्याकडे पाकीटबंद मालाच्या नियमात थोडी घटबढ माफ असते. फॉर्म्युला वनच्या काट्याला ती दया नाही. ७९८ म्हणजे ७९८.

किंमत लिहिलेला दंड

आता त्याच रेसमधली दुसरी गोष्ट बघा. मला ती पहिलीपेक्षा जास्त शिकवणारी वाटते, पण तिची बातमी फारशी होत नाही.

आदल्या दिवशीच्या क्वालिफाइंगमध्ये सगळ्यात वेगवान होता रेड बुलचा मॅक्स व्हर्स्टॅपन. तरीही रविवारी तो पहिल्या जागेवर उभा नव्हता, अकराव्या जागेवर होता. कारण त्याच्या गाडीत नवं इंजिन बसवलं होतं. २०२४ मध्ये अख्ख्या सीझनला, म्हणजे २४ रेसना, एका ड्रायव्हरला चारच इंजिनं वापरायची परवानगी होती. पाचवं काढलं की दहा जागा मागे. नियम मोडला, दंड भरला. पण हा दंड टीमने स्वतःहून, तारीख बघून, जागा निवडून घेतला होता.

स्पाच का? कारण तिथे लांब सरळ रस्ते आहेत, ओव्हरटेक करता येतं. हाच दंड मोनॅकोच्या अरुंद गल्ल्यांत घेतला तर रेस तिथेच संपली समजा. व्हर्स्टॅपनचा स्पाचा इतिहास बघा. २०२२ मध्ये इंजिनाच्या दंडामुळे चौदाव्या जागेवरून निघाला आणि जिंकला. २०२३ मध्ये गिअरबॉक्सचे पाच जागांचे भोगून सहाव्यावरून निघाला, पुन्हा जिंकला. २०२४ ला तेवढं जमलं नाही, रस्त्यावर पाचवा आला आणि रसेल बाद झाल्यामुळे चौथा धरला गेला. पण उरलेल्या सीझनसाठी ताजं इंजिन हातात राहिलं. हा खर्च होता, अपघात नव्हता.

म्हणजे नियमपुस्तक एकच असलं तरी त्यात दंड दोन जातीचे आहेत. एकावर किंमत लिहिलेली असते: दहा जागा, पाच जागा, पाच सेकंद. तो परवडतो का, कधी परवडतो, हे तुम्ही ठरवू शकता. दुसऱ्यावर किंमत नसते. तिथे फक्त आत किंवा बाहेर. वजन, फळीची जाडी, इंधनाचा नमुना हे सगळे त्या दुसऱ्या जातीचे.

आपल्याकडेही असंच आहे की नाही? जीएसटीचं ३बी रिटर्न उशिरा भरलं तर दिवसाला ५० रुपये लेट फी, वर व्याज. चांगली सवय नाही, मी कुणाला शिकवणारही नाही, पण आकडा समोर आहे आणि हिशोब करता येतो. ई-वे बिल नसताना माल पाठवला तर? गाडी रस्त्यात अडकते, माल अडकतो, गिऱ्हाइकाचं लग्न पुढे ढकललं जात नाही. दोन्हीला आपण "दंड" हा एकच शब्द वापरतो आणि घोळ तिथेच होतो. लोक दुसऱ्या जातीच्या नियमाशी पहिल्या जातीसारखे वागतात. "बघू, काय होईल ते भरू." भरण्याची सोयच नसते तिथे.

"पण माझी चूक नव्हती"

या खेळात हे वाक्य चालत नाही. लास व्हेगास, २०२३. फेरारीचा कार्लोस साइन्झ सराव करत होता. रस्त्यातलं एक झाकण निखळलं आणि त्याच्या गाडीच्या पोटात घुसलं. गाडीचं वाटोळं झालं. रस्ता त्याचा नाही, झाकण त्याचं नाही. नवी बॅटरी बसवावी लागली, आणि ती ठरलेल्या संख्येबाहेरची होती. दहा जागांचा दंड. पंचांनी स्वतः लिहिलं की अधिकार असता तर आम्ही सूट दिली असती, पण नियमात तशी सोय नाही.

त्याआधी २०२१ मध्ये हंगेरीत सेबास्टियन व्हेटेल दुसरा आला होता. रेसनंतर तपासणीसाठी टाकीतून एक लिटर पेट्रोल काढता यायला पाहिजे असा नियम. निघालं ०.३ लिटर. टीमचा दावा होता की टाकीत अजून पेट्रोल आहे. असेलही. बाहेर निघालं नाही, म्हणून दुसरा नंबर गेला. गोदामात माल आहे, पण बिल करायच्या वेळी सापडत नाही, अशी अवस्था.

नियम इतका कोरडा असावा का, यावर फॅन लोक वर्षानुवर्षं भांडतात. माझं मत विचाराल तर वजनमापाच्या बाबतीत असाच असावा. हेतू बघायला लागलो की प्रत्येक दीड किलोमागे एक गोष्ट तयार होईल. साइन्झच्या बाबतीत मात्र मला वाईट वाटतं, तो दंड मला आजही पटलेला नाही.

आठ महिन्यांनी, दुसरी टीम, तीच गोष्ट

स्पाची बातमी सगळ्या टीमने वाचली होती. तरीही २३ मार्च २०२५ ला शांघायमध्ये काय झालं बघा. सगळ्यांना वाटत होतं की ५६ फेऱ्यांच्या रेसला दोन स्टॉप लागतील. टायर टिकले. एक स्टॉप पुरला. फेरारीचा शार्ल लेक्लेर एका स्टॉपवर पाचवा आला. काट्यावर गाडी ७९९ किलो. त्या वर्षीचं किमान वजन ८००. बाद. अल्पाईनचा पिएर गास्ली, त्याचीही गाडी ७९९. बाद. फेरारीने नंतर जे सांगितलं त्याचा अर्थ तुम्ही आता न वाचताही सांगाल: एक स्टॉप केला, टायर जास्त झिजले, वजन कमी भरलं.

आणि त्याच दिवशी फेरारीची दुसरी गाडीही बाद झाली. आता ती हॅमिल्टन चालवत होता. तिचं कारण फळी. पाचवा आणि सहावा नंबर, १० अधिक ८, पुन्हा अठराच पॉइंट. आदल्याच दिवशी हॅमिल्टनने तिथे छोटी स्प्रिंट रेस जिंकली होती. चोवीस तासांत घोड्यावरून खाली.

फळीचं थोडं सांगतो, कारण पुढे तीच महत्त्वाची आहे. गाडीच्या पोटाखाली एक फळी बसवतात. नवी असताना ती १० मिलिमीटर जाड असते. रेसनंतर ठरलेल्या ठिकाणी ९ मिलिमीटरच्या खाली गेलेली चालत नाही. गाडी जितकी जमिनीला चिकटून चालवाल तितकी हवा तिला खाली ओढते आणि वळणावर वेग मिळतो. म्हणजे एक मिलिमीटर हीच तुमची सगळी पुंजी, ती ४०-५० फेऱ्यांत पुरवून खायची. वरून अट अशी की क्वालिफाइंग सुरू झाल्यावर गाडीची उंची आणि सेटिंग बदलता येत नाही. शनिवारी जे ठरवलं ते रविवारी भोगायचं. २०२३ ला ऑस्टिनमध्ये सरावाला एकच सत्र मिळालं होतं. रेसनंतर चारच गाड्यांच्या फळ्या तपासल्या, त्यातल्या दोन नापास: हॅमिल्टन आणि लेक्लेर. तेव्हा दोघं वेगवेगळ्या टीममध्ये होते. सगळ्या गाड्या तपासल्या असत्या तर किती निघाल्या असत्या? दुकानदाराला हा प्रश्न ओळखीचा आहे. इन्स्पेक्टर सगळी पाकिटं तपासत नाही, पण ज्याचं उचलतो त्याचं उचलतो.

जिथे वर्ल्ड चॅम्पियनशिप अडकली

नोव्हेंबर २०२५, पुन्हा लास व्हेगास. मॅकलॅरेनचा लँडो नॉरिस पॉइंटमध्ये सगळ्यांच्या पुढे. रेसमध्ये व्हर्स्टॅपन जिंकला, नॉरिस दुसरा, त्याचा टीममेट पियास्त्री चौथा. रेसनंतर दोन्ही मॅकलॅरेनच्या फळ्या मोजल्या. नॉरिसची एका ठिकाणी ८.८८ मिलिमीटर, पियास्त्रीची ८.७४. म्हणजे नॉरिस ०.१२ ने कमी. वहीचं एक पान साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतं.

दोघंही बाद. टीमचं म्हणणं असं की गाडी अपेक्षेपेक्षा जास्त उसळत होती आणि सराव पुरेसा झाला नव्हता. ते खरंही आहे, सरावात व्यत्यय आले आणि क्वालिफाइंग पावसात झालं. कोरड्या रस्त्यावर फळी किती झिजेल याचा अंदाज कमी माहितीवर बांधला गेला. माझा सरळ प्रश्न: माहिती कमी असेल तेव्हा मार्जिन वाढवायचं की नेहमीचंच ठेवायचं? त्यातून ही टीम पॉइंटमध्ये पुढे होती. नॉरिसला जिंकायची घाई नव्हती, त्याला फक्त पडायचं नव्हतं. मागे असलेल्याने गाडी जमिनीला घासत न्यावी, तो जुगार त्याला परवडतो. पुढे असलेल्याने का न्यावी? हे मला तेव्हाही कळलं नाही.

पॉइंटचं टेबल असं झालं. रेसच्या रात्री नॉरिस ४०८, पियास्त्री ३७८, व्हर्स्टॅपन ३६६. तपासणीनंतर नॉरिस ३९०, आणि पियास्त्री आणि व्हर्स्टॅपन दोघंही ३६६. व्हर्स्टॅपन जवळजवळ हिशोबातून गेला होता, तो परत आला.

पुढची रेस कतार, आठवड्याभराने. तिथे टायर कंपनीच्या सांगण्यावरून एक खास नियम लावला होता: टायरचा कुठलाही सेट २५ फेऱ्यांपेक्षा जास्त वापरायचा नाही. रेस ५७ फेऱ्यांची. सातव्या फेरीला दोन गाड्या धडकल्या आणि सेफ्टी कार आली. सेफ्टी कार असताना सगळे सावकाश चालतात, म्हणून पिट स्टॉप स्वस्तात पडतो. आता तोंडी हिशोब करा. ५७ वजा ७ किती? ५०. पन्नास म्हणजे पंचवीस अधिक पंचवीस. ज्याने सातव्या फेरीला टायर बदलले त्याला पुढे फक्त एकच स्टॉप उरतो, आणि तोही नियमात तंतोतंत बसतो. जवळजवळ सगळे आत गेले. मॅकलॅरेनच्या दोन्ही गाड्या बाहेर राहिल्या.

का? प्लॅनमध्ये लवचीकपणा राहावा म्हणून. ऐकायला छान वाटतं. पण २५ चा नियम असताना लवचीकपणा नव्हताच कुणाकडे. ज्यांनी सातव्याला स्टॉप घेतला त्यांचं वेळापत्रक जखडलं गेलं खरं, पण जखडलेलं वेळापत्रक स्वस्त होतं. मॅकलॅरेनला पुढे दोन स्टॉप पूर्ण वेगाच्या रेसमध्ये, पूर्ण किमतीत घ्यावे लागले. पहिल्या जागेवरून निघालेला पियास्त्री दुसरा आला, नॉरिस चौथा. व्हर्स्टॅपन जिंकला. मला ही चूक व्हेगासच्या फळीपेक्षा मोठी वाटते. फळी पोटाखाली असते, दिसत नाही. ५७ वजा ७ तर सगळ्यांच्या समोर होतं.

कतारनंतर नॉरिस ४०८, व्हर्स्टॅपन ३९६, पियास्त्री ३९२. व्हेगासचे १८ पॉइंट नॉरिसकडे राहिले असते आणि बाकी सगळं तसंच घडलं असतं, तर तो व्हर्स्टॅपनच्या ३० पॉइंट पुढे असता. शेवटच्या रेसमध्ये जास्तीत जास्त २५ मिळतात. व्हर्स्टॅपनचा विषय तिथेच संपला असता.

तो संपला नाही. ७ डिसेंबरला अबू धाबीत व्हर्स्टॅपन पहिल्या जागेवरून निघाला आणि जिंकला, त्याचे ४२१ झाले. नॉरिसला आता तिसरा नंबर हवाच होता. तिसऱ्याचे १५ मिळाले तर ४२३. चौथ्याचे १२ मिळाले तर ४२०, म्हणजे एका पॉइंटने वर्ल्ड चॅम्पियनशिप हुकली. मागे चौथ्या नंबरवर लेक्लेर होता. नॉरिस तिसरा आला.